धीराच्या घरात शून्य

२ जानेवारी १९७१
कोंडाजी गिरणीतून रिटायर होऊन बेडशाला परत आला, तो एक खेळ घेऊनच. देवळाच्या फरशीवर कोळशाने वाट आखायची. शेवटी राक्षसाची गुहा. प्रत्येकाचा एक वीर, वीराची घरे चार: बळ, ढाल, पळ, धीर. दहा चिंचोके मिळतात, ते घरांत वाटायचे. कवड्या टाकून पुढे सरकायचे. वैरी हरवला तर दोन चिंचोके बढती, नुसता चुकवून पळाला तर एक. गुहेत शिरायला धीर पाच हवा.
पोरखेळ. तरी बसलो. तीस वर्षे रेल्वेत गेटमन होतो, डोके शाबूत आहे. ढाल सहा, पळ चार. धीर काय, शेवटी ठेवता येतो.
आमची कस्तुराबाईही खेळायला बसली. तिने सुरुवातीलाच पाच चिंचोके धीरात घातले. बायकांना प्लॅनिंग नसते.

५ जानेवारी
सकाळी शेजारच्या झुंबरबाईला रामराम केला. बोलली नाही. कस्तुराबाई म्हणाली, अवं, ती झुंबरबाई न्हाई, तिची वाळत घातल्याली गोधडी हाय. झाले, पुन्हा मोतीबिंदू, पुन्हा पुण्याचे ऑपरेशन. माझे डोळे फर्स्ट क्लास आहेत. हल्ली उजेडच कमी पडतो.
शेवटी पैज. राक्षस मी मारला तर ऑपरेशन हा शब्द घरात पुन्हा निघणार नाही. तिने मारला तर त्याच आठवड्यात पुणे. ताबडतोब कबूल केले. तिची दया येते.

६ जानेवारी
झोप नाही. ऑपरेशनचा काही संबंध नाही, वाल पचले नाहीत.

९ जानेवारी
कोंडाजीने आपले ठेवलेले चिंचोके एका घरातून दुसऱ्या घरात सरकवले. मी रागावून नियम केला: ठेवला तो ठेवला. दोघांनी मान्य केला. शिस्त माझ्यामुळेच आहे.

१४ जानेवारी
वाटेत लांडगा भेटला. पळालो. चोर भेटला. पळालो. आजवर सात वैरी चुकवले, अंगावर ओरखडा नाही. ढाल आठ, पळ नऊ. कोंडाजी म्हणतो, भाऊ, तुमच्या वीराला तलवार कशापायी? वहाणा द्या चांगल्या. तिळगूळ खाऊनही जीभ तशीच.
कस्तुराबाई प्रत्येक वैऱ्याशी भांडत बसते. दोनदा मार खाऊन मागे गेली.

१९ जानेवारी
निश्चय. आजपासून प्रत्येक चिंचोका धीरातच. पण आज मंगळवार, नवे काम नको. उद्यापासून.

२५ जानेवारी
पाच दिवसांत पाच वैरी चुकवले. पाचही चिंचोके स्वतःच्या हाताने धीराच्या घरात ठेवले. एकेक ठेवताना ती दोघे एकमेकांकडे बघत. घाबरली असावीत. कोंडाजीने विचारले, भाऊ, घर बघून ठेवताय न्हवं? मी म्हणालो, तू आपले बघ.
उद्या गुहा.

२६ जानेवारी, दुपार
गुहेच्या दारात पहिला मी पोचलो. ऐटीत म्हणालो, मोजा धीर.
कोंडाजीने मोजला. शून्य. पाचही चिंचोके शेजारच्या घरात. पळ चौदा.
सरकवा, म्हणालो. तो म्हणाला, ठेवला तो ठेवला, भाऊ. नियम तुमचाच.
फरशीवर उजेड नव्हता. कोळसा फिका होता. घरे फार जवळ आखली होती. हे सगळे सांगितले. तेवढ्यात कस्तुराबाईच्या वीराने आत शिरून राक्षस मारला. हसेल असे वाटले होते. हसली नाही. हळूच म्हणाली, चला की आता. मी हाय ना संगं.

२७ जानेवारी
विचार केला तर तिला मीच जिंकू दिले.

२९ जानेवारी
उद्या सकाळच्या गाडीने पुणे. मला कसलीही भीती नाही, हे चारदा सांगितले. पिशवी भरता भरता ती म्हणाली, गाडीत तुमी खिडकीशी बसा, दाराकडं मी बसते. तुमचा पळ चौदा हाय.