यंदा एकच गुच्छ

सौ. धाकटीच्या आईस, आशीर्वाद.

मी बरा आहे, खोकला कमी आहे. तुझ्या पोटातली कळ कशी आहे?

आपल्याकडे निवडणुकीआधीच नवे पंतप्रधान नेमले, हे तुला कळलंच असेल. असं झालं की इतर देशांच्या वकिलातींतून आमच्या इथल्या वकिलातीत फुलांचे गुच्छ येतात. ते मांडायचं काम माझं. मागच्या खेपेला बादल्या पुरल्या नव्हत्या. यंदा एकच गुच्छ आला. बाकीचे देश म्हणतात, आधी निवडणूक होऊ द्या, मग बघू. स्वयंपाकी म्हणाला, "काका, मांडव सजला आणि वऱ्हाडच आलं नाही." मला काही हसू आलं नाही.

त्या गुच्छाचं पाणी मी रोज बदलत होतो. काल साहेबांनी सांगितलं, दिवस नाजूक आहेत, निवडणुकीपर्यंत कुणालाच रजा नाही. माझी मंजूर झालेलीही गेली.

मी आल्याशिवाय ऑपरेशनला जाणार नाही, हा हट्ट आता सोड. डॉक्टर थांबायला तयार नाहीत, हे धाकटीने मला फोनवर रडत सांगितलंय. तुझ्याशी बोलायचा धीर होईना, म्हणून लिहितोय. तिला घेऊन जा. घाबरू नकोस. दोघांच्या वाटचं मी इथे घाबरतोय.

तुझाच,
धाकटीचे बाबा