मल्हारगंजात पायी चालणाऱ्यांची मोजणी

ती. संताजीदादांना मल्हारगंजाहून बाळकृष्णाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जमेल तेवढंच वाकून). देवासची मंडळी खुशाल असतील. वहिनींची शुगर कशी आहे? इथे सगळं मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तुम्हाला मी आजवर खोटं कळवलेलं नाही (लग्नाआधी कळवलेली उंची सोडून).

तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची स्मिता, दोन महिन्यांपासून समोरच्या शशिकलावहिनींकडे जाऊ शकत नव्हती. अंतर बावीस पावलं. पण मधे रस्ता, आणि रस्त्यावर ई-रिक्षा, लोडिंगवाले टेम्पो, बुलेट उडवणारे गल्लीतले भिया लोक, म्हणजे दादा मंडळी. एकदा कुणाच्या तरी हँडलमध्ये तिची पिशवी अडकली आणि ती पिशवीसकट चार दुकानं पुढे गेली. तेव्हापासून तिनं जो धसका घेतला, तो घेतलाच. उंबऱ्यात उभी राहून वहिनींशी हातवारे करायची. मेथीचे लाडू का बसले, हे ती हातवाऱ्यांनी समजावत होती, ते बघून मला भरून आलं. मी शब्द दिला, की हा रस्ता सकाळी गाड्यांना बंद करवूनच राहीन.

माझ्या अर्जावरून महापालिकेत रस्त्यांचं प्लॅनिंग बघणाऱ्या मधुरिमा मॅडम आल्या. दुकानदार म्हणाले, गाड्या बंद तर धंदा बुडाला. मी म्हटलं, गिऱ्हाईक चिरडलं तर धंदा कुणाशी करणार? मॅडम म्हणाल्या, रविवारी सात ते दहा मोजू. पायी जाणारे जास्त निघाले तर महिनाभर सकाळी गाड्या बंद, गाड्या जास्त निघाल्या तर विषय संपला.

मग मी काय केलं, तर अन्नपूर्णा रोडपासून जुन्या इंदूरपर्यंत झाडून सगळ्या नातलगांना फोन केले, की रविवारी आमच्या गल्लीत पायी चालायला या, पोहे-जलेबी आमच्याकडे. सगळे आले. आता पायी चालायला इतक्या लांबून माणूस येणार कसा? गाडीवरच ना! अप्पासाहेबमामा मोठ्या कारमधून आले, आत एकटे. पीयूष आणि रुपाली नवरा-बायको असून दोन स्कूटरवर (सकाळीच भांडण झालं होतं म्हणे). सगळ्यांनी गाड्या रस्त्यातच लावल्या आणि मोठ्या उत्साहानं चालू लागले. मॅडम निमूट मोजत होत्या. तेवढ्यात पोहे संपले. पाहुणे उपाशीपोटी चालतात हे मला बघवेना. स्कूटर काढली, कोपऱ्यावरून पोहे आणले. मग जलेबी. मग शेव. मग पोह्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला राहिला म्हणून परत. अशा सहा फेऱ्या झाल्या.

दहा वाजता निकाल लागला. पायी तीनशे एक, गाड्या तीनशे पाच. मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "काका, यातल्या सहा तुम्ही आहात."

दादा, तोंड लपवायला जागा उरली नाही. उरलेले पोहे दुकानदारांनी खाल्ले, वर कांदा मागितला. पण एक सांगतो. पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता असा जाम झाला होता की काही हलेना. स्मिता ते बघून उंबऱ्याखाली उतरली आणि मामांच्या कारला धरत धरत सावकाश पलीकडे गेली. वहिनींनी तिला मिठीच मारली. मी हरलो, तरी त्या क्षणी फार बरं वाटलं.

आपला,
बाळकृष्ण

ता.क. अकराला जाम सुटला. स्मिता पलीकडेच राहिली. आज बुधवार. तरी येत्या रविवारी आपली मोठी जीप घेऊन या आणि आमच्या दारासमोर आडवी लावा. मुलांनाही वेगवेगळ्या गाड्यांवर आणा.

पुन्हा ता.क. जीप राहू द्या. तिची भीती केव्हाच गेली. काल आपल्याच दारासमोरच्या ठेल्यावरून मटार घेऊन ती परत पलीकडे गेली. तिचं म्हणणं एकच, "पायी चालत न्यायला या, मग येते." मी स्कूटरवर गेलो होतो (वन-वेमुळे पाऊण तास लागला), तिनं जिन्यावरूनच परत पाठवलं. दादा, आता लपवत नाही. बारा वर्षांत हा रस्ता मी पायी ओलांडलेला नाही. तीनदा कडेपर्यंत गेलो, पाय उचलेना. मला भीती वाटते. तुम्ही बसनं या, एकटेच या, आणि माझा हात धरून मला पलीकडे न्या.