मागच्या खोलीतलं जुळं

मी, आमच्या अंतराळ केंद्राच्या पहिल्या उपग्रहाची रचना केलेली निवृत्त शास्त्रज्ञ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर वाकडं आलं आहे; त्याचा संबंध कोणी बुद्धीशी लावू नये.

१. बँकेतली शिल्लक आणि दागिने माझ्या एकुलत्या एक मुलीला. सुवर्णपदकही तिलाच. मोडलं तरी माझी हरकत नाही.

२. उपग्रह बांधताना आम्ही रिवाजाप्रमाणे दोन बांधले. एक वर गेला. त्याचं जुळं जमिनीवर राहिलं. वर काही बिघडलं की दुरुस्ती आधी याच्यावर करून बघायची, मगच वर आज्ञा पाठवायची. केंद्राने जुळं भंगारात काढलं, तेव्हा मी ते विकत घेऊन मागच्या खोलीत ठेवलं. वरचा अजून बोलतो. मध्यंतरी मुका झाला होता, तेव्हा केंद्रातली तरुण मंडळी याच खोलीत फरशीवर बसून होती.

३. यशाच्या फोटोच्या वेळी तेव्हाचे संचालक मला म्हणाले होते, "बाई, जरा बाजूला." शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. उठलेच, तर चिमटीने पंखा मोठा करावा. चिमटी म्हणजे दोन्ही उपग्रहांच्या तारा जोडणारी माझी मैत्रीण.

४. राहतं घर मुलीला. पुढे "वरचा बोलतो आहे तोवर तिने ते विकू नये" असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. काल वाचून ती म्हणाली, "आई, मला परगावी नोकरी लागलीय. हे विकल्याशिवाय तिथे घर कुठून घेऊ? त्याच्यापायी इथेच अडकून बसू?"

"अगं, पण तो बिघडला तर?"

"आणि मी बिघडले तर? कोणावर करून बघणार आहेस?"

मी पेन उचलून ते वाक्य खोडलं. तिने घर विकावं.

५. जुळं चिमटीला. फोनवर म्हणाली, "आण गं. पण माझी खोली ती केवढी! त्याचे सौरपंख कापावे लागतील." पंख कापल्यावर ते वरच्याचं जुळं राहणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळतं. तरी कापावेत.

कलम ४ मधील खाडाखोड माझीच. त्या खाडाखोडीपुढे साक्षीची सही करताना दातांच्या डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "दुखतंय का?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही करा सही."

साक्षीदार:
१. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. समोरची शिंपीण (सही)

मृत्युपत्र करणारी (सही)
ठिकाण: मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर