पांढऱ्या रानाची दुसरी वाटणी

मी, सविता तात्याराव देवडे, वय ५३, राहणार झरी, जि. परभणी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (आजवर आले नाही, आता काय येणार) हे मृत्युपत्र करते. तब्येत ठणठणीत. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलंय; रानातलं केलं, ताटातलं राहिलंय.

१. माझं आधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात कॅनॉलखालचं दोन एकर चोपण मी माझे धाकटे दीर व्यंकटराव यांना दिलं होतं, निव्वळ सूड म्हणून. फुकटचं पाणी बेसुमार सोडून सगळ्यांनी मिळून ते रान खारवलं, पांढरं केलं, आणि वाटणीत नेमकं आमच्या पदरात टाकलं. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, तुमाला आता मीठ विकत आणायचं काम न्हाई."

२. आता तिथं साळ पिकते. म्हणून ते रान माझी मुलगी बबिता हिला. माती तपासून जिप्सम टाकलं, पाणी साचवून खार धुऊन काढला, मातीत गाडून खत करायला धैंचा पेरला. तो कमरेएवढा हिरवागार झाला आणि नांगराखाली घालायची वेळ आली, तेव्हा माझा मुलगा राम ट्रॅक्टरपुढं आडवा उभा राहिला. उभं पीक गाडणं पाप, म्हणाला. गावही तेच म्हणालं. बबितानं भावाला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतः ट्रॅक्टर घातला. ज्याला गाडवत नाही त्याला हे रान झेपायचं नाही. राम आपणहून म्हणाला, "तिलाच दे आई. मला भात खायला बोलवा, झालं."

३. घर आणि म्हशी रामला. बँकेतली ठेव दोघांत निम्मी. भांडायचं असेल तर मी आहे तोवर भांडा, मलाही ऐकायचंय.

४. हे कलम अवघड. खारं पाणी बाहेर काढणारा चर भाऊजींच्या रानातून ओढ्याला जातो. तो बुजला की रान पुन्हा पांढरं. पहिली दोन वर्षं त्यांनी चर होऊ दिला नाही आणि माझी साळ पिवळी पडून गेली. मग त्यांच्याच बांधालगत पांढरं फुटलं, तशी सकाळीच फावडं घेऊन आले. विचारलं एवढंच, "कुठून खांदायचं?" पण लिहून काही दिलेलं नाही. जे माझं नाही ते मला वारशात देता येत नाही, असं वकीलबाई म्हणतात. म्हणून भाऊजींना साक्षीदार केलंय. साक्षीदाराला वारसा नसावा म्हणे, म्हणून माझं फावडं त्यांना आजच देऊन टाकलं. दर वैशाखात चर उपसावा.

५. माझ्या तेराव्याला याच रानातला भात करावा. धैंचा गाडताना ज्यांनी नावं ठेवली, त्यांना आधी वाढावं. मीठ बेतानं.

ठिकाण: झरी. दिनांक: २ डिसेंबर २०२४.
सही: सविता तात्याराव देवडे

साक्षीदार:
१. सुकेशनी भागवत खिल्लारे, शिक्षिका, झरी.
२. व्यंकटराव देवडे. वाचलं. चर माझ्या रानातून जायलाय, तो कायम जाऊ द्यावा. माझ्या पोरांनी बुजवला तर त्यांना हा कागद दाखवावा. बदल्यात दरसाल दोन पायल्या तांदूळ. फावड्याचा दांडा ढिला हाय, वहिनी.