मामांची कॅसेट

१८ नोव्हेंबर १९९६
मामा, म्हणजे आमचे सासरे, टीव्हीवर येणार! पुढच्या मंगळवारी, साडेसहा, शेतीचा कार्यक्रम. मखमलाबादच्या मळ्यात शूटिंगवाले येऊन गेले. मामांची शेवंती आणि तिचं ठिबक सिंचन दाखवणार. ठिबकची कल्पना माझी. पण सहा वर्षांत मामांनी जावयाबद्दल एक बरा शब्द काढलेला नाही.
संकल्प : कार्यक्रम रेकॉर्ड करून कॅसेट मामांच्या हातात ठेवणार. मग बघू कसे बोलत नाहीत.

२० नोव्हेंबर
ऑफिसातल्या महेशकडून व्हीसीआर मागून आणला. पुस्तिका वाच म्हणाला. हसू आलं. मी ओझरला विमानांच्या कारखान्यात आहे. (स्टोअरमध्ये. पण विमानांच्याच.)

२३ नोव्हेंबर
पुस्तिका उद्या. आज स्पिरिटनं व्हीसीआरचं हेड पुसलं. आमची बायको शुभांगी म्हणते, पुसायला घेतलेलं बनियन नवं होतं. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२५ नोव्हेंबर
व्होल्टेजचा भरवसा नाही. व्हीसीआरही टीव्हीच्याच स्टॅबिलायझरवर घेतला. दूरदृष्टी!
शुभांगी म्हणाली, एकदा करून तर बघा. साफ नाही म्हटलं. कोऱ्या कॅसेटवर पहिलं चित्र मामांचंच पाहिजे.

२६ नोव्हेंबर, सायं. ६.१०
मामा-मामी आले. सर्वांना समजावलं : टीव्ही चालू ठेवला तर सिग्नल वाटला जातो, रेकॉर्डिंग फिकं येतं. तेव्हा आत्ता कोणी बघायचं नाही. सात वाजता कॅसेट लावू, चिवडा खात बघू. मामांनी शुभांगीकडे बघितलं. पटलं असावं.

६.२५
शुभांगी दोघांना घेऊन शेजारी चांगुणाबाईंकडे गेली. हळदीकुंकू म्हणे. मामांना हळदीकुंकवाला कशाला नेलं, कळलं नाही. असो. शांतता मिळाली.

६.३१
रेकॉर्डचं बटण दाबलं. टीव्ही पक्का बंद हवा म्हणून थेट स्टॅबिलायझरच बंद केला.

६.४५
पहारा चालू. व्हीसीआरचा दिवा लागत नाही, आवाजही नाही. भारी मशीन असंच गुपचूप काम करतं.

७.१०
स्टॅबिलायझर चालू करून कॅसेट लावली. पडद्यावर मुंग्या.

७.२०
पुढे केली. मुंग्या. मागे केली. मुंग्या. दोष कॅसेटचा. शुभांगीनं नुसतं स्टॅबिलायझरकडे बोट दाखवलं. मामा चिवडा खात होते. त्या तिघांनी चांगुणाबाईंकडे कार्यक्रम पूर्ण पाहिला म्हणे. शुभांगीनं रविवारीच ठरवून ठेवलं होतं. अख्ख्या कॉलनीत पाहिला नाही तो मी एकट्यानं.

२७ नोव्हेंबर
कंपाउंडवरून चांगुणाबाई म्हणाल्या, तुमचं नाव घेतलं हो टीव्हीवर! ठिबक कुणी सुचवलं विचारल्यावर मामा माझ्याबद्दल बोलले. बराच वेळ बोलले. काय बोलले? त्या नेमक्या गॅस बारीक करायला उठल्या होत्या. शुभांगीला विचारलं. म्हणाली, ते ज्याचं त्यानंच ऐकायचं असतं. मामींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं एवढं मात्र सांगितलं.
झोप लागली नाही.

१ डिसेंबर
मखमलाबादला गेलो. मामा शेवंतीच्या पाट्या भरत होते. तासभर फुलं तोडू लागलो आणि मग विचारलंच, मामा, टीव्हीवर माझ्याबद्दल काय म्हणालात?
मामा म्हणाले, एकदा सांगितलं की समद्या महाराष्ट्राला. आता परत काय सांगायचं, जावईबापू? तुमच्याकडं कॅसेट हाय ना, लावून बघा.
संध्याकाळी घरी येऊन पुस्तिका वाचली. सगळी.