पत्रा बोलला की

बाबा, शेवटी गॅरेजच्या आणि मागच्या खोलीच्या छताला आतून रॉकवूल, ती ऊन अडवणारी दगडी लोकर, लावून घेतलं. तुम्ही असतात तर आधी "कशाला नखरे?" म्हणाला असतात आणि मग स्वतःच शिडीवर चढला असतात. पण गेल्या मे महिन्यात आई पत्र्याखाली चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, या भट्टीत त्यांना ठेवू नका. तर ती गॅरेजमागची आपली खोली सोडायला तयार नाही. विठ्ठलवाडीत फ्लॅट बघू म्हटलं तर म्हणते, "तुझ्या बाबांचं स्टूल इथंय." संपलं.

तुमचा उपाय मला ठाऊक आहे. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी पत्र्यावर चुना मारायचा, त्यात डिंक कालवायचा, आणि वरून ओरडायचं, "खाली गार वाटतंय का गं?" चुना सुकायच्या आधीच! आणि तो थर्माकोलचा पराक्रम. जयंतीच्या देखाव्यातला उरलेला थर्माकोल तुम्ही छताला चिकटवलात, आणि त्याच आठवड्यात स्कूटरच्या स्टँडला वेल्डिंग करताना ठिणगी वर उडाली. मला अजून दिसतंय, तुम्ही बादलीतली वाळू छताकडे फेकताय, ती तुमच्याच डोक्यावर पडतेय, आणि आई दारात उभी राहून आधी किंचाळतेय, मग हसतेय. तो जळका वास कितीतरी दिवस गेला नव्हता.

म्हणून उल्हासनगरच्या बाजारात दुकानदाराने चकचकीत फोम पुढे केला, तेव्हा मी पहिलं विचारलं, ठिणगी पडली तर? त्या सिंधी काकांनी फोम मागे घेतला. "वेल्डिंग करते हो उधर? फिर ये मत लो बेटा. रॉकवूल लेके जाओ. थोडा महाग पडेल, पण जळणार नाय." वर पत्रा, मग रॉकवूल, त्याखाली पांढऱ्या सिमेंट शीट. काम संपलं आणि काल भर दुपारी आई पाय पसरून गाढ झोपली होती, कपाळावर घामाचा थेंब नाही. इतकं बरं वाटलं की तुम्हाला सांगायला मी मागे वळले.

एकच गोष्ट लक्षात आली नव्हती. ऊन उतरलं की पत्रा गार होताना तडतडायचा. तुम्ही पाना खाली ठेवायचात आणि म्हणायचात, "चल गं, पत्रा बोलला." तोवर आतून स्टोव्हचा आवाज आलेला असायचा. तुम्ही गेल्यावरही आई त्या तडतडीला उठते, चहा टाकते, तुमचा कप स्टुलावर आणून ठेवते. गार झाला की तो मी पिते. 

काल पत्रा बोललाच नाही. बोलला असेल, रॉकवूलमधून आवाज खाली पोचला नाही. अंधार पडला, मी दिवा लावला, तरी आई पलंगावर तशीच बसलेली. मी विचारलं, "चहा नाही टाकलास?" ती छताकडे बघत म्हणाली, "आज ऊन उतरलंच नाही का गं?" मला रडू आवरेना. मीच उठून चहा केला. तिने घेतला नाही.

उद्या तुमच्या स्टुलाच्या बरोबर वरची, छताची एक शीट काढणार आहे, तिच्या वरचं रॉकवूलही. तेवढ्या कोपऱ्यात उकडेल, उकडू दे. आईला सांगेन, तुझ्यासाठी काढली. हे पत्र कुठे टाकणार, तुमच्या जुन्या हेल्मेटमध्ये ठेवून देते. पण बाबा, शीट काही नुसती तिच्यासाठी काढत नाहीये. काल संध्याकाळी मीही पाना हातात धरून उभी होते, तुम्ही "चल गं" म्हणायची वाट बघत.