कॅमेऱ्याला ऐकू येत नाही

भावोजी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट बोलतो.

ट्रक चालवताना फोन हातात धरला की लायसन्स जातं, अशी पाटी ऑफिसात तुम्हीच लावलीत. फोन उचलला नाही की पुढची खेप दुसऱ्याला देणारेही तुम्हीच. त्या दिवशी उतारावर तुमचा फोन थांबेचना, म्हणून उचलला. "कुठे मेलास?" एवढंच विचारलंत. केबिनमधल्या कॅमेऱ्याने माझा हात टिपला. तुमचा आवाज त्याला ऐकू येत नाही.

चौकशीला साहेबांशेजारी बसून तुम्हीच साळसूदपणे विचारलंत, "कोणाशी बोलत होतास?" तुमची नोकरी गेली तर ताईचे हाल होतील, म्हणून म्हणालो, "बायकोशी." तुम्ही मान डोलावलीत. माझं लायसन्स गेलं.

काल ताईने माझ्या बायकोला आमच्या दारातच फैलावर घेतलं. "नवरा गाडीवर असताना फोन करायची एवढी कसली घाई गं तुला?" बायकोला खरं माहीत आहे. तुम्ही ताईच्या मागे वाकून बुटाची नाडी सोडत होतात. ताईचं बोलून होईपर्यंत ती काही सुटली नाही.

हे पत्र टाकणार नाही. तुमच्या घरी पत्रं ताई फोडते.

तुमचा कोणी नाही,
ताईचा भाऊ